गॅसलाइनच्या पोलादाचा इम्पॅक्ट रिपोर्ट: आकड्याआधी काय बघायचं

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मटेरियल टेस्टिंग लॅबमध्ये मी काम करते. मच्छे, होनगा, काकती, अनगोळ, सगळीकडून वर्कशॉपवाले सॅम्पल घेऊन येतात. बरंचसं काम पंपांचं, हायड्रॉलिकचं, गाड्यांच्या सुट्या भागांचं असतं. पण ज्यांनी गॅस आणि तेलाच्या लाइनीसाठी फ्लँज (पाइप जोडायच्या चकत्या), फिटिंग किंवा व्हॉल्व्हच्या बॉडी करायला घेतल्यात, त्यांच्या ड्रॉइंगवर एक ओळ जास्तीची असते: इम्पॅक्ट टेस्ट, उणे ४६ अंशांना. रिपोर्ट तयार झाला की काउंटरवर प्रश्न एकच येतो, "ताई, पास हाय न्हवं?"

पास की नापास ते मी सांगतेच. पण तेवढं ऐकून कागद फाइलला लावला की त्यातली निम्म्याहून जास्त माहिती वाया जाते. इम्पॅक्टचे तीन आकडे एकटे काहीच सांगत नाहीत. ते कुठल्या तापमानाला, केवढ्या तुकड्यावर, कुठल्या दिशेने कापून काढलेत आणि तुटलेला तुकडा दिसतो कसा, हे सगळं शेजारी ठेवलं की मगच आकडा बोलायला लागतो. तो कसा ऐकायचा ते इथे लिहिते आहे. वर्कशॉपचे मालक, क्वालिटीला नव्याने लागलेली मुलं आणि पाइप खरेदी करणारे, तिघांनाही उपयोग व्हावा असा प्रयत्न आहे.

टेस्ट काय असते ते थोडक्यात. ५५ मिलिमीटर लांब, १० बाय १० चा चौकोनी तुकडा. त्याच्या मधोमध २ मिलिमीटर खोल, ४५ अंशांची व्ही आकाराची खाच. खाचेच्या तळाची गोलाई पाव मिलिमीटर. तुकडा दोन टेकूंवर आडवा ठेवायचा आणि खाचेच्या बरोबर पाठीमागून झुलत्या हातोड्याचा एकच तडाखा द्यायचा. तुकडा तोडून हातोडा पलीकडे किती वर चढला यावरून तोडायला किती ऊर्जा लागली ते मशीन ज्यूलमध्ये दाखवतं. १९०१ मध्ये फ्रान्समधल्या जॉर्ज चार्पी यांनी या पद्धतीला नीट रूप दिलं, म्हणून ती चार्पी टेस्ट.

आता रिपोर्ट हातात घ्या आणि आकड्यांवर बोट ठेवा, पण ते वाचण्याआधी तापमानाचा रकाना बघा.

साधं कार्बन पोलाद गरम असताना चिवट असतं, वाकतं, ताणलं जातं आणि मग तुटतं. थंड होत गेलं की एका पट्ट्यात त्याचा स्वभाव बदलतो आणि ते ठिसूळ होतं. हा बदल हळूहळू होत नाही, बऱ्याच वेळा वीस-तीस अंशांतच होतो. समजा एकाच फोर्जिंगचे (ठोकून घडवलेल्या जॉबचे) तुकडे वेगवेगळ्या तापमानांना तोडले. अधिक २० ला १४० ज्यूल आले, शून्याला १२५, उणे २० ला ८५ आणि उणे ४६ ला २२. माल तोच, हीट नंबर (पोलादाच्या घाण्याचा नंबर) तोच. ज्याने फक्त शून्याचा रिपोर्ट बघितला त्याला माल उत्तम वाटेल. उणे ४६ चा बघितला त्याला कळेल की हे पोलाद कड्याच्या अगदी टोकावर उभं आहे, आणखी पाच अंश उतरलं तर काय होईल सांगता येत नाही. म्हणून कुणी नुसतं "आमच्या मालाला १२५ ज्यूल येतात" असं म्हटलं तर पहिला प्रश्न विचारा, किती तापमानाला?

इथे हमखास एक शंका येते. बेळगावात डिसेंबर-जानेवारीत पहाटे हुडहुडी भरते खरी, पण पाणी काही गोठत नाही. मग उणे ४६ कशाला? शंका रास्त आहे. दाभोळहून बेंगळुरूला जाणारी गॅसची मोठी लाइन आपल्याच जिल्ह्यातून जाते, आणि जमिनीखाली त्या पाइपाला थंडी अशी लागतच नाही. पण गॅसचा दाब एकदम उतरवला की गॅस स्वतःच थंड होतो. नैसर्गिक वायूसाठी ढोबळ हिशेब असा, की एक बार दाब उतरला तर तापमान साधारण अर्ध्या अंशाने उतरतं. ७० बारवरून २० बारवर आणलं की पंचवीसेक अंश गेले. २५ अंशांचा गॅस शून्यावर आला. देखभालीसाठी लाइनीचा एखादा तुकडा पूर्ण रिकामा करतात तेव्हा व्हॉल्व्ह आणि त्याच्या आसपासचे फ्लँज याहून कितीतरी थंड पडतात, बाहेर ऊन असलं तरी. म्हणून जमिनीत पुरलेल्या लाइनपाइपला बहुतेक वेळा शून्य अंशाची टेस्ट असते आणि व्हॉल्व्ह-फ्लँजच्या मालाला उणे ४६ ची. शिवाय आपला माल कुठल्या थंड देशात जाऊन बसेल हे वर्कशॉपमध्ये कळत नाही.

या टेस्टचा आग्रह कुठून आला तेही माहीत असावं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने वेल्डिंग करून झपाट्याने बांधलेल्या लिबर्टी जहाजांपैकी काही थंड समुद्रात तडकली, काहींचे तर सरळ दोन तुकडे झाले. पुढे त्या पत्र्यांची तपासणी झाली, तेव्हा ज्या पत्र्यांत भेगा सुरू झाल्या त्यांचे चार्पीचे आकडे फार कमी निघाले. साधारण २० ज्यूलची रेघ त्या अभ्यासातून आली आणि अजूनही ती कितीतरी स्पेसिफिकेशनमध्ये डोकावते. पाइपलाइनचं उदाहरण तर त्याहून अंगावर येणारं आहे. १९६० मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत एका गॅसलाइनमध्ये सुरू झालेली ठिसूळ भेग सुमारे १३ किलोमीटर धावत गेली. हे होऊ शकतं, कारण पाइप फाटल्यावर आतल्या गॅसचा दाब उतरल्याची लाट सेकंदाला चारशे-साडेचारशे मीटरने पसरते, आणि ठिसूळ पोलादातली भेग तिच्याही पुढे पळू शकते. भेगेच्या टोकाला दाब मिळतच राहतो, म्हणून ती थांबत नाही. पाण्याने टेस्ट करताना असं होत नाही, पाण्यातला दाब क्षणात बसतो. म्हणजे हायड्रोटेस्ट पास झाली एवढ्यावरून पोलाद चिवट आहे असं म्हणता येत नाही.

तापमान बघून झालं की तीन आकडे. एका जागेचे तीन तुकडे तोडतात आणि दोन अटी असतात, सरासरी अमुक आणि एकट्याचा आकडा अमुकच्या खाली नको. एपीआय ५एल या लाइनपाइपच्या स्पेसिफिकेशनमधल्या पीएसएल-२ (जास्त कडक अटींच्या) पाइपला, नेहमीच्या व्यासांसाठी आणि एक्स ७० पर्यंतच्या ग्रेडसाठी (एक्सपुढचा आकडा मजबुतीचा), पाइपच्या अंगातून आडवे काढलेले पूर्ण जाडीचे तुकडे असतील तर सरासरी २७ ज्यूल लागते. व्यास ७६२ मिलिमीटरच्या वर गेला की ४०, आणि सगळ्यांत मोठ्या व्यासांना काही ग्रेडमध्ये ५४. एकटा आकडा सरासरीच्या ७५ टक्क्यांच्या खाली चालत नाही. ए३५० एलएफ२ या थंडीत वापरायच्या पोलादाच्या फोर्जिंगला उणे ४६ ला सरासरी २० आणि एकटा १६. ए३५२ एलसीबी या तशाच पोलादाच्या कास्टिंगला (ओतीव मालाला) त्याच तापमानाला १८ आणि १४. आपल्या ऑर्डरवर ग्राहकाने याहून जास्त मागितलं असेल तर ग्राहकाचाच आकडा धरायचा.

समजा २७ ची अट आहे आणि आकडे आले ४६, ४४, १९. सरासरी ३६, म्हणून कुणी पास म्हणेल. पण २७ चे ७५ टक्के म्हणजे वीसच्या थोडं वर, आणि १९ त्याच्या खाली. हा सेट नापास. हे बहुतेकांना कळतं. दुसरा सेट बघा: ११०, १०४, ३१. सरासरी ८२, एकही २७ च्या खाली नाही, कागदावर बिनचूक पास. तरीही असा सेट आला की मी फोन करून मालकाला बोलावून घेते. एकाच ठोकळ्यातून शेजारी शेजारी काढलेल्या तीन तुकड्यांत एवढी तफावत येते, याचा अर्थ आपण बदलाच्या त्या पट्ट्यात आहोत. एक तुकडा ठिसूळ बाजूला पडला, दोन चिवट बाजूला. पुढच्या लॉटमध्ये दोन ठिसूळ बाजूला पडतील. सरासरी ८२ पेक्षा ५२, ५०, ४९ असा एकमेकांना चिकटून असलेला सेट मला जास्त विश्वासाचा वाटतो.

मग तुकड्याचा आकार. पातळ भिंतीच्या पाइपातून १० बाय १० चा तुकडा निघतच नाही. नेहमीच्या सहा इंची पाइपाची भिंत ७.१ मिलिमीटर असते, पाइपाचा बाक जाऊन सपाट तुकडा पाहिजे, म्हणून ५ मिलिमीटरचा काढतात. तुकडा अर्धा म्हणून एपीआयमध्ये अटही त्याच प्रमाणात उतरते: २७ ची १४, साडेसात मिलिमीटरला २०. आता ५ मिलिमीटरवर १८, १९, १७ आले तर ते पास आहेत, २७ पेक्षा कमी दिसतात म्हणून माल परत पाठवू नका. उलटही होतं. पुरवठादाराच्या टीसीवर (टेस्ट सर्टिफिकेटवर) ३६ लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात "पूर्ण आकाराला रूपांतरित". असं दिसलं तर मूळ आकडे मागा. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा, पातळ तुकड्याला बाजूने आवळून धरणारं पोलाद कमी असतं, त्यामुळे तो जरा जास्त थंडीपर्यंत चिवट राहतो. जाड मालाचा छोटा तुकडा तोडून कुणी चांगला आकडा दाखवत असेल तर तो जाड मालाचा आकडा नाही. म्हणूनच अशा वेळी काही स्पेसिफिकेशन टेस्टचं तापमान आणखी खाली न्यायला लावतात.

दिशा फार लोक विसरतात. पत्रा रोलिंगमध्ये लांबवला जातो तेव्हा त्यातले मँगनीज सल्फाइडचे कणही लांबट होतात, धाग्यासारखे. त्या धाग्यांना आडवी जाणारी भेग अडखळते, त्यांच्या बरोबरीने जाणारी भेग सहज सरकते. म्हणून पाइपाच्या लांबीच्या दिशेने काढलेल्या तुकड्याचा आकडा आडव्या तुकड्यापेक्षा चांगलाच जास्त येतो. आडव्याला २७ आणि उभ्याला (लांबीच्या दिशेने काढलेल्याला) ४१ अशी जोडी जुन्या कागदांत दिसते ती यामुळेच. पाइप दाबाने फाटतो तो लांबीच्या दिशेने, तेव्हा कामाचा आकडा आडव्याचा. लहान व्यासात आडवा तुकडा निघत नाही, तिथे उभ्यावर भागवावं लागतं, पण रिपोर्टवर तसं लिहिलेलं पाहिजे. गंधक कमी ठेवलेल्या, कॅल्शियम ट्रीटमेंट केलेल्या चांगल्या पोलादात दोन्ही दिशांमधला फरक बराच कमी होतो, आणि मिलने मेल्टिंगच्या वेळी किती काळजी घेतली ते या फरकावरूनच ओळखता येतं.

तुटलेला तुकडा हातात घ्या

ही माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, आणि नेमकी तीच होत नाही. तुकडे भंगारात जातात आणि कागद तेवढा घरी येतो. लॅबला आधीच सांगून ठेवा, तुटलेले तुकडे नंबर टाकून, डबीत घालून परत पाहिजेत.

खिडकीजवळ जा. तुकडा तिरका धरून थोडा थोडा फिरवा. चिवट तुटलेला भाग मळकट करडा दिसतो, मखमली, प्रकाश कसाही पडला तरी चमकत नाही. ठिसूळ तुटलेल्या भागात बारीक बारीक चकाकत्या ठिणग्या दिसतात, तुकडा फिरवला की एक विझते आणि दुसरी लागते. प्रत्येक ठिणगी म्हणजे एका कणाचं सपाट फाटलेलं तोंड. साधारणपणे हा चकाकता भाग मधोमध चौकोनासारखा असतो, आणि भोवती करड्या भागाची चौकट असते. दोन्ही कडांना पोलाद ओढलं जाऊन ओठासारखं वर आलेलं असतं, आणि खाचेच्या विरुद्ध बाजूला तुकडा रुंद झालेला असतो. बोट फिरवलं तरी तो फुगवटा लागतो.

आता व्हर्नियर घ्या. खाचेखालचं क्षेत्रफळ ८ गुणिले १०, म्हणजे ८० चौरस मिलिमीटर. चकाकत्या चौकोनाची लांबी-रुंदी मोजा. समजा ६ बाय साडेपाच आली, गुणाकार ३३. ८० पैकी ३३ म्हणजे ४१ टक्के ठिसूळ, उरलेलं ५९ टक्के शिअर, म्हणजे चिवट तुटलेलं. रिपोर्टवर शिअरचा रकाना असतो तो हाच. लाइनपाइपच्या बाबतीत ८५ टक्के हा आकडा वारंवार भेटतो. आकडे चांगले असून शिअर ५०-६० वर असेल तर माल पास असला तरी ठिसूळपणाच्या दिशेने उतरणीला लागलेला आहे, हे लगेच कळतं. नुसत्या ज्यूलवरून ते कळत नाही. आधी सांगितलेल्या ११०, १०४, ३१ च्या सेटमध्ये तिसरा तुकडा बहुधा जवळजवळ पूर्ण चकाकता निघेल.

तो चकाकता नसेल तर मात्र कारण वेगळं शोधायचं. भिंगातून बघा. मध्ये काळपट ठिपका, पोकळी, स्लॅगचा कण दिसतोय का? कास्टिंगमध्ये आकसल्याची सच्छिद्रता असली की तुटलेल्या तोंडावर गोलसर, गुळगुळीत, झाडाच्या फांद्यांसारखे उंचवटे दिसतात. हा दोष ओतकामाचा, हीट ट्रीटमेंटचा नाही, आणि दोन्हींवरचे उपाय पूर्ण वेगळे. कंट्रोल्ड रोलिंगच्या (ठरावीक तापमान राखून लाटलेल्या) पत्र्यांत तुकड्याच्या तोंडावर पत्र्याला समांतर फटी पडलेल्या दिसतात. त्या बघून घाबरायचं नाही, पण रिपोर्टमध्ये त्यांची नोंद पाहिजे.

आपल्याकडे पावसाळ्यात एक काळजी जास्तीची घ्यावी लागते. उणे ४६ वरून बाहेर आलेल्या तुकड्यावर लगेच दव धरतं, आणि बेळगाव-खानापूर पट्ट्यातल्या जुलैच्या हवेत संध्याकाळपर्यंत त्यावर गंज येतो. मग करडं काय आणि चकाकतं काय, काहीच ओळखू येत नाही. तुकडा तुटल्या तुटल्या स्पिरिटमध्ये बुडवून गरम हवेने वाळवायचा आणि सिलिका जेलच्या पुडीबरोबर डबीत ठेवायचा.

आकड्यावर शंका घेण्याच्या जागा

टेस्ट स्वतः बघायला मिळाली तर तीन गोष्टींवर नजर ठेवा. तुकडे थंड द्रवात, मिथेनॉल आणि ड्राय आइसच्या मिश्रणात, निदान पाच मिनिटं पडून राहिले पाहिजेत, आणि बाहेर काढल्यापासून पाच सेकंदांच्या आत हातोडा सुटला पाहिजे. चिमटाही त्याच द्रवात थंड करून घेतात. सहावं, सातवं सेकंद लागलं तर तो तुकडा तोडायचा नाही, परत द्रवात टाकायचा.

दुसरी गोष्ट खाच. ब्रोचची, म्हणजे खाच पाडणाऱ्या हत्याराची, धार गेली की खाचेचा तळ जास्त गोल होतो, भेग उशिरा सुटते आणि आकडा फुकटचा वाढतो. प्रोफाइल प्रोजेक्टरवर खाचेची सावली मोठी करून नकाशावर जुळवून दाखवायला सांगा. चांगली लॅब आनंदाने दाखवते.

तिसरी, मशीनची क्षमता. ३०० ज्यूलच्या मशीनवर २९८ लिहून आलं तर ते मोजमाप धरू नका. क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या वरचे, म्हणजे इथे २४० च्या वरचे आकडे भरवशाचे नसतात. आजकालचा चांगला एक्स ७० पत्रा एवढा चिवट असतो की तुकडा कधी पूर्ण तुटतही नाही, वाकून टेकूंमधून निघून जातो. तिथे "तुटला नाही" असंच लिहिलेलं पाहिजे.

वेल्डिंगच्या रिपोर्टला खाच कुठे पाडली हे सर्वांत आधी. वेल्ड मेटलमध्ये, की फ्यूजन लाइनवर (वेल्ड आणि मूळ पोलाद मिळतात त्या रेषेवर), की उष्णतेने बदललेल्या पट्ट्यात? तो पट्टा दोन-तीन मिलिमीटरचा असतो, खाच अर्धा मिलिमीटर सरकली तरी आकडा बदलतो. तुकडा ॲसिडने एच करून (पट्टे दिसण्यापुरता हलका खाऊन), रेघ मारून मगच खाच पाडली का, आणि त्याचा फोटो आहे का, ते विचारा.

मोठ्या व्यासाच्या लाइनपाइपला एवढ्यावर भागत नाही. तिथे ड्रॉप वेट टिअर टेस्ट लागते. पाइपाच्या पूर्ण जाडीचा, ३०५ बाय ७६ मिलिमीटरचा तुकडा एका घावात फोडतात आणि शिअरची टक्केवारी बघतात, सरासरी ८५ च्या खाली नको. भेग सुरू व्हायला किती जोर लागतो ते चार्पीत कळतं, पण सुरू झालेली भेग धावत सुटेल की थांबेल हे या मोठ्या तुकड्यात जास्त खरं दिसतं. आणि चार्पीचा आकडा डिझाइनच्या गणितात थेट घालायचा नसतो, हेही इथेच सांगून ठेवते. तो मालामालातली तुलना करायला आणि ठिसूळ माल गाळायला आहे.

आता नापास झालं तर. आधी तुकडा बघा, वर सांगितलं तसं. पूर्ण चकाकता आणि कण डोळ्यांना जाणवण्याइतके मोठे असतील तर नॉर्मलायझिंगचा (तापवून हवेत थंड करण्याच्या हीट ट्रीटमेंटचा) चार्ट काढा. बऱ्याचदा फर्नेसमध्ये जॉब दाटीने रचलेले असतात आणि मधल्या जॉबला तापमान पोचलेलंच नसतं, किंवा फोर्जिंग फार गरम करून तसंच हवेत सोडलेलं असतं. क्वेंच-टेंपरचा (पाण्यात झटकन थंड करून पुन्हा थोडा तापवलेला) माल असेल तर फर्नेसमधून टाकीपर्यंत जायला किती वेळ गेला आणि टाकीतलं पाणी दुपारपर्यंत किती तापलं होतं ते विचारा. कण बारीक असून आकडा कमी असेल तर मेल्टच्या केमिस्ट्रीकडे वळा, कार्बन, फॉस्फरस, गंधक.

रिटेस्टचा नियम स्पेसिफिकेशनमध्ये वाचूनच पुढे जा. फोर्जिंगच्या नेहमीच्या नियमात, सरासरी आली पण एकटा तुकडा पडला, तर आणखी तीन तोडता येतात, आणि त्या तिघांपैकी प्रत्येकाला सरासरीचा आकडा गाठावा लागतो. चांगले आकडे येईपर्यंत तुकडे तोडत राहायचं आणि त्यातले निवडून लिहायचे, हे कुणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. त्या फ्लँजशेजारी माणसं काम करणार असतात. जॉब पुन्हा नॉर्मलाइज केला तर सॅम्पलही त्याच चार्जमध्ये, त्याच जाडीचा असला पाहिजे, आणि टेन्साइल (ताणाची) व हार्डनेस (कठीणपणाची) टेस्टही नव्याने करावे लागतात. आधीचा टेन्साइल रिपोर्ट नव्या इम्पॅक्टच्या रिपोर्टला जोडून चालत नाही.